इस्त्रीच्या टेबलाखालचं खोकं

प्रिय ठमे,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी अर्धं वाक्य बोलले की उरलेलं तूच पूर्ण करतेस, आणि ते बहुतेक वेळा चुकतं. म्हणून लिहायला बसले आहे. अक्षराला नावं ठेवू नकोस, दिवसभर इस्त्री धरलेला हात आहे.

आधी चांगलं सांगते, नाहीतर म्हणशील आईला माझं काही पटतच नाही. तू शिकवलेला तो श्वास, पोट फुगवून घ्यायचा आणि सावकाश सोडायचा, मी रोज करते. झोप छान लागते. आमच्या हॉटेलच्या लाँड्रीत तू पहिल्यांदा तो शिकवलास तेव्हा आम्ही सगळ्या बायका गंभीर तोंडं करून पोटं फुगवत होतो आणि शेजारच्या टेबलावरच्या चिमणीला हसू आवरेना. नाव चिमणी, आणि उचलायला चौघं लागतील. मला मात्र भरून आलं होतं. एवढं मोठं हॉटेल, आणि तिथल्या कामगारांच्या तब्येतीसाठीचा वेलनेस प्रोग्रॅम माझ्या पोरीने आखलेला. त्या दिवशी मी चादरींना जरा जास्तच कडक इस्त्री केली.

आता खोक्यांचं सांगते. आमच्या प्रत्येकीच्या टेबलाखाली साबणाचं एक लाकडी खोकं पालथं घातलेलं असायचं. एक पाय जमिनीवर, एक खोक्यावर, थोड्या वेळाने पाय बदलायचा. कंबर धरत नाही. हे आम्हाला कुणी शिकवलं नाही, आधीच्या बायका करायच्या म्हणून आम्हीही करायचो. तू पाहणीला येणार हे कळलं आणि घरी पाहुणे यायचे असावेत तशी आम्ही लाँड्री आवरायला घेतली. ती कळकट खोकी आपल्या पोरीच्या नजरेला पडायला नकोत म्हणून मी आणि चिमणीने ती मागच्या कोठीत ढकलली. तू आलीस, मोकळी, लख्ख फरशी बघून खूश झालीस, आणि ती अशीच मोकळी ठेवा असं आमच्या मॅनेजर साहेबांना लिहून दिलंस. साहेबांनी दुसऱ्याच दिवशी खोकी भंगारात काढली. तुझ्या कामाला गालबोट नको म्हणून आम्ही मूग गिळून गप्प बसलो. काय शहाणपणा केला बघ.

तेव्हापासून चिमणीची कंबर गेलीच आहे. सुट्टी झाली की टेबलाला धरून उभी राहते, मग हळूच चालायला लागते. काम संपल्यावर तुझा व्यायामाचा वर्ग असतो, तिथे तिला वाकता येत नाही म्हणून ती येत नाही. साहेब म्हणतात ती सहकार्य करत नाही, असंच चाललं तर पुढच्या महिन्यापासून येऊ नको. तिच्या घरात कमावणारी ती एकटी. हेच मी तुला फोनवर सांगत होते, तर तू म्हणालीस, आई, तिला सांग आळस करू नकोस. मला इतका राग आला की मी भाजी करपल्याचं निमित्त करून फोन ठेवला. भाजी केलीच नव्हती.

तुला शाळेतलं ते भाषण आठवतं का गं? दुसऱ्याच वाक्याला अडलीस. तुझ्या बाई जमिनीकडे बघायला लागल्या, तुझे बाबा चष्मा पुसायला लागले. लोकांना वाटतं, न बघणं म्हणजे दया. मी पहिल्या रांगेतून तुझ्याकडे टक लावून बघत राहिले. घरी येताना तू म्हणालीस, तुझ्या तोंडाकडे बघितलं आणि पुढचं आठवलं.

तर आता मुद्द्याचं. तुझ्या प्रोग्रॅमच्या शुक्रवारच्या समारंभात कामगारांतर्फे तुझे आणि साहेबांचे आभार मानायला मला निवडलंय. वाक्यंही पाठ करायला दिली आहेत. पुढच्या वर्षी तुला काम द्यायचं की नाही हे त्याच दिवशी ठरणार, हे मला माहीत आहे. चांगली नोकरी सोडून तू हे उभं केलंस, तेही माहीत आहे. खूप विचार केला, पोट फुगवून श्वाससुद्धा घेतले. ती वाक्यं मी म्हणणार नाही. खोकी आम्हीच लपवली हे सांगेन, ती परत द्या म्हणेन, व्यायाम कामाच्या वेळेत घ्या म्हणेन, आणि चिमणी कुठेही जाणार नाही असंही म्हणेन. तुझा श्वास चांगला आहे हेही सांगेन, कारण ते खरं आहे. भाजीवाल्याकडून एक खोकं मागून आणलंय, तेच घेऊन स्टेजवर चढणार आहे आणि त्यावर एक पाय ठेवून बोलणार आहे. तिथे एकदम ऐकून तुला धक्का बसू नये म्हणून हे पत्र. मला अडवायला फोन करू नकोस, मी उचलणार नाही. तू पहिल्या रांगेत असशील. टाळ्या नाही वाजवल्यास तरी चालेल. पण मी मध्येच अडले तर जमिनीकडे बघू नकोस, माझ्याकडे बघ.

तुझीच,
हट्टी आई