इजिप्त, माझ्या नियंत्रणाखाली

३ डिसेंबर २००६, ओतूर

समर्थचा फोन. चिरंजीव पुण्यात कॉम्प्युटरवर काहीतरी करतात. आम्हा दोघांना इजिप्तला पाठवतो म्हणाला. ग्रुप टूर. मी रिटायर झालो म्हणून भेट. मी आधी नको म्हणालो, कारण लगेच हो म्हणणं वयाला शोभत नाही. तेवढ्यात निर्मलाने रिसीव्हर ओढून घेतला आणि हो सांगून टाकलं.

ग्रुप म्हटला की शिस्त आली. शिस्त म्हटली की मी आलो. ओतूरच्या एसटी स्टँडवर इतकी वर्षं कंट्रोलर होतो, इजिप्त म्हणजे काय मोठं!

संकल्प : टूरवर कुणावरही ओरडायचं नाही. फक्त मार्गदर्शन.

१४ जानेवारी २००७

वाईट बातमी. त्याच टूरला सोमाजीनेही नाव दिलंय. सोमाजी म्हणजे आमच्या स्टँडवरचा ड्रायव्हर, आता तोही रिटायर. मी शिट्टी मारली की हा माणूस चहा मागवायचा. कप रिकामा झाला की गाडी सुटायची. सोबत त्याची बायको तुकाबाई. निर्मला म्हणाली, "बरं झालं, मला बोलायला कुणीतरी मिळालं."

मी काय मुका आहे?

३० जानेवारी

जुनी शिट्टी ट्रंकेत सापडली. बॅगेत टाकली. निर्मलाने काढली. परत टाकली, मोज्याच्या आत.

४ फेब्रुवारी, कैरो

पोचलो. टूर मॅनेजर शीला नावाची पुण्याची मुलगी आहे. बंद छत्री उंच धरून पुढे चालते आणि सगळ्यांनी त्या छत्रीमागे जायचं. मी तिला बाजूला घेऊन सांगितलं, घाबरू नकोस, ग्रुपची शिस्त माझ्यावर सोपव. ती हसली. म्हणजे सोपवली.

पिरॅमिड पाहिला. मोठा आहे. पण पार्किंग भिकार. लेण्याद्रीच्या पायथ्याशी याहून बरं आहे. मंडळी तोंडं वर करून उभी होती तेव्हा, गाड्या आत कुठून घ्यायच्या आणि बाहेर कुठून काढायच्या, ते मी शीलाला वाळूवर काढून दाखवलं. तेवढ्यात तिला फोन आला. वाजल्याचं ऐकू आलं नाही, पण हल्ली नुसते थरथरणारे फोन असतात.

५ फेब्रुवारी, कैरो

सकाळी नाश्त्यासाठी हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये शिट्टी मारली. उत्तम प्रतिसाद. आमच्या मजल्यावरची सगळी दारं उघडली, आमच्या ग्रुपची नसलेलीसुद्धा. हॉटेलचा मॅनेजर स्वतः वर आला आणि इंग्रजीत बरंच बोलला. सूर आदराचा वाटला.

७ फेब्रुवारी, अस्वान

नाइल नदी. निर्मला काठावर उभी, बघतच राहिली. म्हणाली, "आपल्या कुकडीपेक्षा लई मोठी हाय हो." मी सांगितलं, कुकडीवर धरणं आहेत म्हणून, नाहीतर तीही काही कमी नव्हती. धरण नाइलवरही आहे आणि ते इथेच अस्वानला आहे, असं सोमाजी उगाच मध्ये बोलला. त्याला विचारलं होतं कुणी?

शिडाच्या होडीतून पलीकडे गेलो. मी मधला खांब दोन्ही हातांनी धरला होता तो वाऱ्याचा अंदाज घेण्यासाठी. डोळे मिटले होते उन्हामुळे. तुकाबाईने लिंबू दिलं, तिचा मान राखायचा म्हणून चोखलं.

पलीकडे एकदम वाळवंट. उंटावर बसून एका जुन्या पडक्या मठाकडे जायचं होतं. उंट उठताना आधी मागचे पाय उचलतो, ही माहिती आदल्या दिवशी द्यायला हवी होती. मी उंटाच्या मानेवरून पुढच्या बाजूला उतरलो. मंडळी याला पडलो म्हणतात.

निर्मला मात्र बसली. पदर खोचला, उंटाला "चल रं बाबा" म्हणाली, आणि तो चालायला लागला. त्याला मराठी कसं कळलं देव जाणे. ती इतकी हसत होती की मला आधी वाटलं तिला काहीतरी झालं. लग्नानंतर इतकी हसलेली आठवत नाही.

मी पायी गेलो. वाळवंट पायीच कळतं. मला दोन्ही बूट भरून कळलं.

८ फेब्रुवारी, अस्वान

उद्या अबू सिंबल. डोंगर कोरून केलेलं देऊळ, भर वाळवंटात, लांब. सगळ्या टुरिस्ट गाड्या पोलिसांच्या ताफ्यातून एकत्र जातात आणि एकत्र परततात. ताफा चुकला की संपलं. आणि आज बाजारात काय झालं? सोमाजी चहा पीत बसला आणि बस खोळंबली! मी शीलाकडे तक्रार केली. जेवताना केली, जेवण झाल्यावर केली, लिफ्टमध्ये केली. शेवटी ती म्हणाली, "काका, उद्या तुम्हीच सगळ्यांना बसवा आणि तुम्हीच शिट्टी मारा. वाजली की बस निघेल. झालं समाधान?"

अखेर गुणांची कदर झाली.

लगेच खाली जाऊन ड्रायव्हरला खुणांनी समजावलं. शिट्टी वाजली की निघायचं. कुणासाठी थांबायचं नाही. तो म्हणाला, "नो प्रॉब्लेम." मग सोमाजीकडे बघून तेच मराठीत सांगितलं. कुणासाठीही नाही!

९ फेब्रुवारी, संध्याकाळ

हे शांतपणे लिहितोय.

देऊळ पाहिलं. निघायची वेळ झाली. मी बसच्या दाराशी खाली उभा राहून एकेकाला वर चढवलं, अगदी स्टँडवरच्यासारखं. सगळे आत. सोमाजी शेवटी, चहाचा ग्लास हातात घेऊन रमतगमत आला. त्याचा मागचा पाय पायरीवर पडतो न पडतो तोच मी शिट्टी मारली. लांब. दार लागलं. गाडी हलली. काय सुंदर हलली! इतक्या वेळेवर गाडी मी सगळ्या नोकरीत सोडली नव्हती.

धुरळा खाली बसेपर्यंत मी समाधानात होतो.

मग पळालो. हाका मारल्या. शिट्टीही मारली. ही एक छोटी चूक झाली, कारण ती ऐकून ड्रायव्हरने वेग वाढवला.

पोलीस भेटला. मी म्हणालो, "माय बस." त्याने वाळवंटाकडे हात केला. ताफा मध्ये थांबत नाही, वळत तर नाहीच. पुढचा ताफा दुपारी. पासपोर्ट निर्मलाच्या पर्समध्ये, टोपी बसमध्ये. समोर देवळाच्या दारात डोंगराएवढे दगडी राजे मांडीवर हात ठेवून बसलेले. मी त्यांच्याकडे बघत होतो. ते माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत होते.

निर्मलाचा विचार आला. ती आता रडत असेल. ड्रायव्हरच्या अंगावर धावून गेली असेल. भेटली की तिच्यावर रागवायचं नाही असं ठरवलं. तिला धीर कसा द्यायचा, ती वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली.

दुपारी त्या पोलिसाला वायरलेसवर काहीतरी कळलं आणि त्याने मला एका कोरियन ग्रुपच्या बसमध्ये बसवलं. त्या लोकांनी मला बिस्किटं दिली. मी त्यांच्या शिस्तीचं निरीक्षण केलं. बरी आहे.

हॉटेलच्या दारात निर्मला उभी होती. मला बघून धावत आली आणि हात घट्ट धरला. सर्वांसमोर. शीला रडायला लागली. म्हणाली, "तुम्हीच सगळ्यांना बसवत होता ना काका, मी मोजलंच नाही." आणि मी नाही हे कुणाच्या लक्षात आलं? सोमाजीच्या! निम्मा रस्ता झाल्यावर तो म्हणाला म्हणे, "कंट्रोलर बोलंना कसा? झोपला का काय?" मग त्याने ड्रायव्हरशी भांडण केलं, पोलिसांना फोन करायला लावला. रात्री माझ्यासाठी स्वतः चहा घेऊन आला. प्यावा लागला.

निर्मलाला विचारलं, शेजारची सीट रिकामी दिसली नाही का? ती म्हणाली, "मला वाटलं, तुमी फुडं ड्रायव्हरजवळ बसलाय. आन खरं सांगू? गाडीत लई शांत वाटत व्हतं. मला वाटलं एसीचा आवाज बंद झाला."

मी दिवा मालवला. दमलो होतो.

१२ फेब्रुवारी, लक्सर

शिट्टी शीलाने 'सांभाळून' ठेवली आहे. आज एक प्रचंड जुनं देऊळ. खांबच खांब, दोन माणसांच्या कवेत न मावणारे. निर्मला एका पडलेल्या दगडावर टेकली. मीही टेकलो. सहज विचारलं, मी फार आवाज करतो का गं?

तिने सरळ माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "तुमी नोकरी सोडली, पर स्टँड घरी आणला. मी कवा उठायचं, कवा जेवायचं, समद्याला येळ लावली. त्या दिवशी उंटावरनं उतरल्यावर मला वाईच वाळूत बसायचं व्हतं. नुस्तं बसायचं. तुमी म्हणले, चल, उशीर व्हतोय. कशाला उशीर व्हत व्हता वो?"

मी खांब बघितले. तिला ऊन लागलं असावं. पाणी दिलं.

१७ फेब्रुवारी, ओतूर

घरी. संकल्प : यापुढे घरात कुणालाही वेळ सांगायची नाही. कडक पाळला. दुपारच्या जेवणापर्यंत.

८ ऑक्टोबर

निर्मला आणि तुकाबाई जैसलमेरला चालल्यात. शीलाची टूर आहे, वाळवंटात तंबूत राहायचं. माझ्याशी चर्चा झाली, म्हणजे समर्थने बुकिंग केल्यावर मला सांगण्यात आलं. मी म्हणालो, अनुभवी माणूस सोबत हवा, मी येतो. निर्मला म्हणाली, "तुमी घरी ऱ्हावा."

माझ्या गुडघ्यांची तिला फार काळजी. मोठ्या मनाने परवानगी दिली.

२४ नोव्हेंबर, संध्याकाळी

निर्मलाला मोबाइल लावला. मागून बायकांच्या हसण्याचा आवाज. विचारलं, जेवलीस का, कुठे आहेस, पुढचा कार्यक्रम काय. ती म्हणाली, "वाळूत बसलेय. सूर्य चाललाय खाली. मग करते हां." आणि ठेवला.

वाळवंटात रेंजचा प्रॉब्लेम असतो.

ती मग करते म्हणाली म्हणून फोन हातात धरून ओसरीवर बसून राहिलो. आत दूध तापायला ठेवलं होतं. सगळं उतू गेलं. शेगडी, ओटा, फरशी. पुसायचं फडकं ती कुठे ठेवते ते विचारायला पुन्हा फोन लावला. उचलला नाही.

बायकांना इतक्या लांब नेताना घरच्या माणसांची काहीच सोय केलेली नाही, ही या टूरमधली गंभीर त्रुटी आहे. शीलाला कळवणार आहे. आधी फडकं सापडू दे.