धपाट्यांवर काढलेले दिवस

२१ डिसेंबर, शनिवार

आज शाळेत शिकवून मधल्या सुट्टीत डबा उघडला आणि पंधरवड्यापूर्वीच्या व्हिएतनाम सहलीतलं हनोईचं ते कोपऱ्यावरचं हॉटेल डोळ्यांपुढं आलं. फुटपाथवर बारकी बारकी निळी स्टुलं. गुडघे हनुवटीला लागायचे असं बसायचं, आणि पुढ्यात वाफाळता वाडगा. शेवया, त्यावर ओंजळभर हिरवा पाला, वरून लिंबू. ह्यांच्या चष्म्यावर वाफ धरली तरी पुसायला थांबेनात! लग्नाला पंचवीस वर्षं झाली, ह्यांना इतकं मन लावून खाताना पहिल्यांदाच पाहिलं. हसू आलं, आणि लगेच डबा तसाच झाकून ठेवला.

कारण तिथून रोज संध्याकाळी मी सासूबाईंना फोनवर सांगायची — "आत्या, इथं आपल्या खाण्यासारखं काही मिळेना. तुमच्या धपाट्यांवरच दिवस काढायलोत."

साफ खोटं. पण आपल्याकडं असंच म्हणतात ना? डबा बांधून देणारीला सांगायचं, तुमच्याच डब्यावर निभावलं. न सांगितलं तर तिचा अपमान. त्यांनी तर पहाटे उठून धपाटे थापले होते, चटणी कुटली होती. वर बजावलं होतं — "परमुलखात कुनाच्या हातचं खाऊ नका." मी आपलं त्यांच्या जिवाला बरं वाटावं म्हणून बोलले.

२२ डिसेंबर, रविवार

शेजारच्या पार्वतीबाई आत्यांना बघायला आल्या होत्या. जाताना मला दारात गाठलं. "तुमी तिकडं गेलाव आन् दोन-तीन दिसातच तुमच्या सासूनं रातचं जेवन सोडलं बगा. लेकरं तिकडं उपाशी म्हनल्यावर मायीला घास कसा जाईल?"



आम्ही यायच्या आदल्या दिवशी आत्या हौदापाशी पडल्या. मांडीचं हाड मोडलं, रॉड घातला. पाय घसरला, असंच आम्ही समजत होतो. पार्वतीबाई म्हणतात, घसरला कशाचा, पोटात अन्न नाही म्हणून चक्कर आली. म्हणजे ते हाड माझ्या फोननं मोडलं.

२४ डिसेंबर, मंगळवार

डॉक्टर आज चिडलेच. दोन्ही वेळा पोटभर खायला घाला, नाहीतर हाड जुळायचं नाही, म्हणाले. आत्यांनी तोंड भिंतीकडं केलं. घरी आल्यावर मी वरण-भात कालवून नेला तर ताट सारलं. "सिद्धेश्वराला सव्वा महिन्याचा नवस बोललेय. एकच टाइम. देवासंगं लबाडी न्हाई जमत मला."

लबाडी म्हणताना माझ्याकडं बघितलं, की मलाच तसं वाटलं?

ह्यांना म्हणलं, आपण खरं सांगून टाकू. उपाशी नव्हतो म्हणल्यावर उपासाला अर्थच राहत नाही, सोडतील. हे म्हणाले, "येड लागलं का तुला? आईला कळलं आपण काय काय खाल्लं, तर एक टाइम खायलीय तेबी बंद करंल." तेही खरंच आहे. आईला हे चांगले ओळखतात.

२५ डिसेंबर, बुधवार

धपाट्यांचा डबा भरलेलाच राहिला होता. शेवटच्या दिवशी वास यायला लागला म्हणून हॉटेलच्या कचऱ्यात टाकला. सासूच्या, चतुराबाईच्या, हातचं अन्न कचऱ्यात टाकणारी सून मी.

२७ डिसेंबर, शुक्रवार

लिहूनच टाकते. मनात ठेवून झोप लागत नाही.

तिथंच होई आन नावाच्या गावात नदीकाठी एका म्हातारीचं हॉटेल होतं. चारच टेबलं. खुणा करून सांगितलं, मांस-मच्छी नको. तिनं तांदळाची धिरडी घातली, थेट आपल्यासारखी, कडेनं कुरकुरीत, आत मुगाचे मोड. पाल्यात गुंडाळायची आणि बारक्या वाटीतल्या तांबूस पाण्यात बुडवून खायची. आंबट, गोड, तिखट, सगळं एकदम. तीन खाल्ली. मग वाटी उचलून विचारलं, हे काय? तिनं हात हलवून पोहणारा मासा दाखवला.

आमच्या घरात अंडं येत नाही. आम्ही लिंगायत, गळ्यात लिंग आहे माझ्या. मी उठले, चूळ भरली, परत येऊन बसले — आणि चौथं धिरडं घेतलं. त्याच वाटीत बुडवून.

हे ह्यांनाही ठाऊक नाही. म्हातारीनं खूण केली तेव्हा हे हात धुवायला गेले होते; परत आल्यावर समोर बसून हसत हसत व्हिडिओ काढत होते. तो लगेच नांदेडला लेकीला, शिल्पाला पाठवला. मी तिला बजावलं, आजीला दाखवू नको.

आत्ता लिहितानासुद्धा तोंडाला पाणी सुटायलंय. शरम वाटते.

३० डिसेंबर, सोमवार

वेळ अमावस्या, शेतात जाऊन जेवायचा सण. आत्यांना शेतात नेता येईना, म्हणून मल्लेश भावजीच घरच्यांसह आंबील आणि सगळ्या भाज्यांची भज्जी घेऊन घरी आले. आणि जो तो माझ्याच ताटात वाढायलाय! "वैनी, तिकडं उपाशी मेलाव म्हनं, घ्या अजून." "घ्या, घ्या, लाजू नका." मान वर न करता खाल्लं. आत्या खाटेवरून बघत होत्या.

रात्री भज्जी गरम करून नेली. सणाची तरी खा म्हणलं. वास घेतला, म्हणाल्या, "झ्याक जमलीय," आणि वाटी परत दिली.

३१ डिसेंबर, मंगळवार

उद्या सांगणार. ह्यांना विचारणार नाही.

१ जानेवारी, बुधवार

सांगितलं. खाटेच्या पायथ्याशी बसून, रडत. ऐकून घेतलं आणि हसल्या.

"मला ठाव हाय की. तुमी तिकडं असताना शिल्पा आलती, मीच मागं लागून व्हिडू बगितला. तू पाला गुंडाळून खायलतीस. फोनवर धपाटे म्हनायचीस, म्या हाव हाव म्हनायचे."

"मग उपास कशापायी धरलात?"

"परमुलखाचं काहीबाही खायलेत लेकरं, पोटाला बाधू ने म्हनून. न्हाई बाधलं ना?"

मी म्हणाले, राहिलेले दिवस मी धरते, आत्या, तुम्ही जेवा. विचार करून म्हणाल्या, "चालतंय. घरातलंच मानूस हाय."

रात्री त्यांना भाकरी-वरण वाढलं आणि मी समोर नुसती बसले. पहिला घास गिळून म्हणाल्या, "आता खरं सांग. त्या बारक्या वाटीत काय व्हतं?"