पदर मी खोचला नव्हता

प्रिय बंकट,

तुझा चाकणचा पत्ता तुझ्या आईकडून मागून घेतला. कडूवहिनींनी कागद हातात ठेवला, एवढंही मला पुष्कळ वाटलं. फोन केला असता तर माझा आवाज ओळखून तू ठेवून दिला असतास.

आधी गावाकडचं सांगते. औंदा पाऊस बरा झाला. छावणी उठली, जनावरं घरी आली, आणि आपल्या बायकांच्या दूध संस्थेत पुन्हा दोन वेळा दूध येतंय. माझं खुब्याचं हाड जुळलं. काठी लागते, पण संस्थेपर्यंत चालत जाते. साखराबाईचा हात पुरता सरळ होत नाही, तरी धार काढते. एसटी मात्र अजून येत नाही. दवाखान्याला निघालेल्या बायका फाट्यावर ताटकळतात आणि कुणीतरी म्हणतंच, बंकटची गाडी असती तर.

गेल्या उन्हाळ्यातला तो दिवस रोज आठवतो. केजला अकरा वाजता छावणीची बैठक होती आणि आपल्या जनावरांची यादी माझ्या पिशवीत. उशीर झाला असता तर गावाची जनावरं चाऱ्यावाचून राहिली असती. तू म्हणालास, "मावशी, पदर खोचा. साखरावहिनी, तुमी थांबा, दुसऱ्या खेपेला नेतो." जादाचं हेल्मेटही तू पुढं केलंस. मी ते घेतलं नाही, साखराबाईला मागं बसवलं आणि म्हणाले, "काई व्हत न्हाई, घे लवकर." वाटेत दोनदा पाठीवर थाप मारून तुला जोरात चालव म्हणाले. युसूफ वडगावच्या अलीकडच्या वळणावर माझा न खोचलेला पदर चाकात गेला आणि आपण तिघंही रस्त्यावर आदळलो.

लोकांनी तुझी कॉलर धरली, पिऊन चालवतो म्हणाले, मारलं. तू माझ्याकडं बघत होतास. बंकट, मी शुद्धीवर होते. मी डोळे मिटून घेतले. संस्थेच्या सचिवबाईनंच साखराबाईचा हात मोडला असं गाव माझ्याबद्दल म्हणेल, याची भीती वाटली. पुढं चार महिने खाटेवर पडून होते. येईल त्याला सांगता आलं असतं, पण तू गाव सोडल्याचं कळलं तरी तोंड उघडलं नाही.

मागच्या सोमवारी संस्थेची सभा होती. ठराव मीच वाचायला उभी राहिले. लिहिलं होतं, बंकटसारख्या बेफाम माणसांच्या गाडीवर सभासद बायकांनी बसू नये. तुझ्या नावापाशी आले आणि पुढं वाचवेना. कागद खाली ठेवला आणि सगळं सांगितलं, पदरापासून थापेपर्यंत. मग साखराबाई उठली. म्हणाली, "मला ठावं हाय. मी बी त्याच गाडीवर व्हते. मी तरी कुठं बोलले?" तो ठराव आम्ही फाडला. नवा असा केला, की गाडीवर मागं एकच बाई बसेल, तिच्या डोक्यावर हेल्मेट असेल आणि चाकाला जाळी असेल. सचिवपद सोडते म्हणाले, तर बायकांनी ऐकलं नाही.

पण पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. काल मी जीपनं पाटोद्याला गेले होते. पोरगा पितो असं ऐकून विठ्ठलरावांनी तुझी सोयरीक मोडली होती, म्हणून त्यांच्या ओसरीवर बसून तेच सगळं पुन्हा सांगितलं. मग ते म्हणाले, रविवारी पोराला घेऊन या. मी उठले, तेवढ्यात त्यांची सरस्वती दारात आली. तिनं विचारलं, "ते आता गाडी चालवतात का?" मी म्हणाले, न्हाई, त्या दिवसापासून हात लावला नाही. ती म्हणाली, "मग त्यांना म्हणावं, रविवारी गाडीवरच या."

तुझीच,
मनकर्णामावशी