पायाखालचा पत्रा

४ एप्रिल, शनि.
सांगलीहून परत. आप्पांच्या जीपला हेडर बसले एकदाचे. बिडाचा जुना मॅनिफोल्ड काढला, त्या जागी चार सिलिंडरला धुराचे चार वेगळे लांब पाइप. डाव्या बाजूनं खाली वळून तळाच्या पत्र्याखालनं जातात आणि पुढच्या सीटखाली एकात मिळतात. आवाज काय सांगू. सागरेश्वरच्या घाटात अशी घुमली की उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं वळून बघितलं.
कुपवाडचा मिस्त्री म्हणाला, "दादा, धग अडवायला पत्र्याखाली शील्ड मारायला पायजे. मंगळवारी गाडी आणा."
बघू म्हटलं. शील्ड मारली की आवाज दबणार. मग केलं कशाला एवढं.

६ एप्रिल, सोम.
गार इंजिनवर बोल्ट परत आवळले. शाळेजवळच्या स्पीडब्रेकरला खालून घासली, पण ठीक. शैला म्हणते, "तुमी दुकानाला निघाला की आता साऱ्या आळीला कळतंय." बायकोला कौतुक म्हणून नाही.
डाव्या बाजूच्या रबरी मॅटला जळका वास यायला लागला. काढून टाकली. पत्रा घासून लाल ऑइलपेंट मारला. झकास दिसतोय.

९ एप्रिल, गुरु.
संज्याचा रेल्वेतून फोन. "गड्या, जीप चालू हाय न्हवं?" म्हटलं, तू ये तर, ऐकशील.
फौजेतनं रिटायर होऊन येतोय. आप्पा होते तेव्हापासून आपल्या गावचा जवान फाट्यावरनं देवळापर्यंत आपल्याच जीपमधनं येतो. आप्पांनी बारा जण आणले असतील. वडलांच्या माघारी मी चालवणार तो हा पहिलाच. आणि नेमका संज्या. शाळेत एका बाकावर बसलेलो.
शील्डचं राहिलं. मंगळवारी दुकानात गिऱ्हाईक होतं. (नव्हतं.)

१२ एप्रिल, रवि.
मिरवणूक झाली. दणक्यात झाली. हलगी, गुलाल, फेटे. संज्या मागं उभा, पोरं पुढं नाचतायत. फाट्यापासून देवळापर्यंत सगळा पहिला गिअर, मधूनमधून थांबायचं. थांबलं की पोरं ओरडायची, रेस द्या. मी द्यायचो. हौसेनं.
काकू, म्हणजे संज्याची आई, माझ्या शेजारी उभ्या. एका हातानं समोरच्या काचेची फ्रेम धरलेली, दुसऱ्यात आरतीचं ताट. बॉनेटला देवाचं निशाण असलं की गाडीत कुणी चपला घालून चढत नाही. ड्रायव्हरला तेवढी माफी. माझ्या पायात बूट.
काकू सारख्या पाय बदलत होत्या. एकदा एक पाय दुसऱ्यावर ठेवला. मला वाटलं, म्हातारं माणूस, उभं राहून अवघडलं असंल...
नाही. इथं तरी खोटं लिहू नये. माझ्या डाव्या नडगीला बुटाच्या वर धग लागत होती. मला कळलं होतं. गाडी थांबवून काकूंना खाली उतरवायचं म्हणजे गावासमोर सांगायचं की आप्पांच्या जीपचं ह्यानं वाटोळं केलं. म्हणून रेटली.
देवळाच्या पायरीवर काकू बसल्या आणि पाय पदराखाली घेतले.

१३ एप्रिल, सोम.
शैला पाणी भरून आली ती सांगतच. काकूंच्या दोन्ही तळव्यांना फोड. उभं राहता येत नाही. काकू सगळ्यांना सांगतायत की नवस होता, फाट्यापर्यंत भर उन्हात अनवाणी गेले, डांबर तापलेलं.
बायका पाया पडायला जातायत म्हणे.
शैला म्हणाली, "केवढी माया, बघा." मी म्हटलं, व्हय.
व्हय म्हटलं मी. जीभ झडली नाही.

१६ एप्रिल, गुरु.
संज्या पेढे घेऊन आला. "तुझ्यामुळं आईचा दिवस सोन्याचा झाला, गड्या." मोबाइलवर मिरवणूक दाखवली. आवाज मोठा करून. एका जागी काकू दिसतात, ओठ आवळलेले. संज्या म्हणतो, रडू दाबतीय बघ.
पेढा खाल्ला. दुसरा दिला, तो पण खाल्ला.
तो गेल्यावर जीप दारात चालू ठेवली. पत्रा तापू दिला. मग बूट काढून डाव्या बाजूला उभा राहिलो. एक आरती म्हणून होईस्तोवर पण टिकलो नाही. आणि त्या देवळापर्यंत... हातातलं ताट हललं नव्हतं.
लाज वाटते. दुसरं काही लिहायला नाही.

२० एप्रिल, सोम.
संज्या पाटणला सासुरवाडीला गेलाय. ती वेळ गाठून काकूंकडं गेलो. खाटेवर होत्या, पायाला फडकी.
"काकू, नवस न्हवता."
त्यांनी पाय लुगड्याखाली ओढले.
"पत्रा तापला हुता. माझ्यामुळं. मला चालवताना कळलं हुतं."
"म्हाईत हाय की. माझंच पाय हुतं न्हवं?"
"मग बोलला का न्हाई?"
"पोरगं धड माघारी आलं माझं. सारं गाव नाचतंय त्याच्यापुढं आन् मी पाय भाजला म्हणून गाडी थांबवू व्हय? आन् तुझ्या आप्पाच्या गाडीला कुणी नाव ठिवलेलं मला न्हाई खपायचं."
मग म्हणाल्या, "संज्याला सांगू नगंस. त्याचा तेवढा एक दिस हाय. नासवू नगंस." आणि शेजारच्या पोरीला हाक मारून माझ्यासाठी चहा टाकायला लावला.
शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. चहा पिऊन आलो.

२५ एप्रिल, शनि.
कुपवाड. हेडर काढले, बिडाचा मॅनिफोल्ड परत. मिस्त्री म्हणाला, आवाज आवडला न्हाई व्हय? म्हटलं, घरचे ओरडतात. शैलाच्या नावावर खपवलं. आणखी एक खोटं.
नवी मॅट टाकली. येताना घाटात कुणी वळून बघितलं नाही.

३ मे, रवि.
संज्याकडं बोलावणं. जीप दारात लावली तसा बाहेर आला. "आवाज कुठं गेला रं?"
काढलं, म्हटलं.
"का? खुळा हायस का? वरच्या आळीचा पोरगा रिटायर होऊन येतोय, त्याच्या आईनं सांगितलंय, संज्याला आणला तशीच वाजत पायजे. तिनं पण नवस बोललाय, फाट्यापर्यंत अनवाणी."
काकू उंबऱ्यात उभ्या होत्या. काठी धरून. माझ्याकडं बघत होत्या.
"पत्रा..." म्हटलं मी.
"पत्र्याचं काय?"
काकू म्हणाल्या, "जेवा आधी."
ताटावर संज्या तेच घेऊन बसला. हेडर परत बसवायचे, पैसे तो घालतो म्हणतो. निघताना म्हणाला, "उद्या दुकानात येतो. का काढलं ते नीट सांग."
काकू पोचवायला जीपपर्यंत आल्या. चालताना अजून टाच टेकत नाहीत. काठीनं नवी मॅट दाबून बघितली.
उद्या तो येणार.