शोशम्मा टीचरांचा लेखनिक

सोमवार, ९ जानेवारी १९८४
पाला गावात बसमधून उतरलो, तर शोशम्मा टीचर स्वतः छत्री घेऊन उभ्या! ज्यांच्या खुनी कादंबऱ्यांच्या हप्त्यासाठी कोट्टयमभर लोक साप्ताहिकाची वाट बघतात, त्या इतक्या गोलमटोल आणि हसऱ्या असतील असं वाटलं नव्हतं. त्यांचा लिहायचा उजवा हात संधिवातानं आखडलाय. त्या सांगणार, मी उतरवून घेणार. घर रबराच्या मळ्यात, शेजार असा नाहीच. जेवायला उकडलेला कप्पा, म्हणजे टॅपिओकाचा कंद, आणि माशाचं लालभडक कालवण. आलप्पुळच्या छापखान्यात इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुका सुधारल्या; आता स्वतः लेखक व्हायचं. टीचर म्हणाल्या, मग रोज लिही पौलोसे, ताप आला तरी लिही. म्हणून ही रोजनिशी.

शनिवार, १४ जानेवारी
टीचरांची शिस्त बघण्यासारखी आहे. सकाळी प्रार्थना, काळा चहा, मग मजकूर. डोळ्यांनी न पाहिलेलं त्या एक वाक्यही सांगत नाहीत. आज गळा आवळण्याच्या प्रसंगाशी अडल्या, तर अंगणातलं बदक आणून डाव्या हातानं त्याची मान पिळली. सावकाश, थांबून थांबून. म्हणाल्या, पाय कसे ताठतात ते बघ. नंतर सांगितलेलं वाक्य मात्र अप्रतिम!
दुपारी त्याच बदकाचा रस्सा. त्यांचे यजमान, ओसेप्पच्चायन, जेवले नाहीत. त्यांच्या एका हाताला दोनच बोटं आहेत. टीचर हसून म्हणाल्या, मळ्यात राबणाऱ्याची बोटं जायचीच.

बुधवार, १८ जानेवारी
ओसेप्पच्चायननी विहिरीपाशी गाठलं. म्हणाले, मोने, पोरा, मळ्यानं नाही नेली माझी बोटं, हिच्या कादंबऱ्यांनी नेली. दुपारची बस आहे, नीघ. आधीच्या लेखनिकाचं विचारलं, तर नुसते झाडांकडे बघत राहिले.
पेटी भरली. तेवढ्यात टीचर, मी पहिल्या दिवशी वाचायला दिलेली माझी गोष्ट हातात घेऊन आल्या. पुरती वाचली होती! म्हणाल्या, संपादकांकडे मीच पाठवते, एवढी कादंबरी तडीस ने. माझी गोष्ट आजवर कुणी शेवटपर्यंत वाचली नव्हती.
पेटी उपसली.

शुक्रवार, २० जानेवारी
आज नायकाच्या मांडीत सुरी घुसते. टीचरांनी रबराचा चीक काढायची वाकडी सुरी उचलली आणि शेजारी बसलेल्या ओसेप्पच्चायनच्या मांडीत खुपसली. वर फिरवली. मी किंचाळलो. त्या म्हणाल्या, ओरडतोस काय, आवाज कसा आला ते सांग.
आणि मी सांगितला. ओलं पोतं फाटावं तसा.
त्या खूश झाल्या. म्हणाल्या, आता झालास लेखक.

शनिवार
ओसेप्पच्चायन गेले. तिनं त्यांचा गळा— माझ्यासमोर, टेबलावरच. हप्ता पुरा करायला. मांडीच्या जखमेनं त्यांना उठताही येत नव्हतं. माझ्याकडे बघत होते. मला तिचा हात धरता आला असता. एका हाताची म्हातारी! पण मी वाक्य संपेपर्यंत थांबलो.
मग दाराकडे धावलो. तिनं मागून घोट्यावर सुरी ओढली. शीर तुटली. खोलीत कोंडलंय. पाऊल लटकतंय—

रविवार
खुर्चीला बांधलंय. उजवा हात तेवढा मोकळा. म्हणते, मारणाऱ्याचं सगळं लिहून झालं, मरणाऱ्याचं आतून कुणी लिहिलेलं नाही. लिहिलंस तर लवकर संपवीन, थांबलास तर दिवसभर चालेल. वर माझंच नाव छापणार म्हणे.

डावा कान गेला. दुखत नाही अजून— मानेवरून काहीतरी गरम— बायबल वाचावं तशी ती खांद्यावरून वाचतेय

म्हणते छान

म्हणते आता डोळा, आणि पेन उचलू नकोस

सुरी नेसूच्या मुंडूला पुसली. टोक जवळ— इतकं जवळ की टोक दिसतच नाही, नुसता पांढरा— पांढरा नाही— टीचर थांबा, शब्द चुकला, एवढा एक शब्द—