सुजाताचं जहाज लांबच्या वाटेनं

शनिवार, संध्याकाळ. बालाघाट.

लाल समुद्रात धोका आहे, म्हणून जहाजं आफ्रिकेला वळसा घालून राह्यली, असं बातम्यांत सांगितलं. माझी सुजाता तशाच जहाजावर इंजिनिअर. दिवसभर जीव थाऱ्यावर नव्हता. काहून पाठवलं मी तिले?

आत्ता तिचा फोन आला. मागं इंजिनाची घरघर.

"आई, आम्हीपण लांबूनच चाललो. घरी यायले उशीर होईन."

"भेव नाही वाटत तुले?"

"इंजिन चालू असलं की नाही वाटत. ऐक."

तिनं इंजिनाच्या खोलीचं दार उघडलं. घरघर एकदम मोठी झाली. मी डोळे मिटले. वैनगंगेपेक्षा मोठं पाणी मी कधी पाह्यलं नाही, पण खाट हळूहळू डोलू लागली. फोन कधी कटला, कळलंच नाही.

यांनी विचारलं, "काय म्हणे पोरगी?"

"चाललं आहे," मी म्हटलं, अन् डोळे उघडलेच नाही.