आठ तारा आणि मी

३ फेब्रुवारी
अनुष्काचं मुंबईच्या कंपनीचं काम घरूनच चालतं. पण राऊटर पुढच्या खोलीत, तिचं टेबल मागच्या खोलीत, मध्ये चिऱ्याच्या भिंती. नेट सारखं तुटतं. तिचे साहेब म्हणाले, महिनाअखेर सुधारलं नाही तर मुंबईलाच या. सुधारणार! केबल ओढायची, टोकांना कनेक्टर लावायचे. अनुष्का म्हणाली, बाबा, टोकं लावलेली तयार केबल मिळते. मिळत असेल. पंचायत समितीत जन्म काढलेल्या माणसाला केबलमधल्या आठ तारा ओळीत लावता येणार नाहीत?

५ फेब्रुवारी
महाडहून केबल, कनेक्टर, दाबायची पक्कड आणली. केबल अगदी नेमकी मोजून कापली. जास्तीची ठेवणं म्हणजे आळस.

६ फेब्रुवारी, सकाळ
दोन्ही टोकं लावली. सुबक. मग कळलं, भिंतीच्या भोकातून कनेक्टर जात नाही. भोक मी पाडलं, पण ड्रिल शेजारच्या चांगूचं, त्यामुळे लहान. एक टोक कापलं.

संध्याकाळ
केबल ओवून पुन्हा लावलं. कॉम्प्युटरवरचा नेटचा दिवा लागला नाही. नारिंगी आणि तपकिरी तार ट्यूबलाइटखाली सारखीच दिसते. बनवणाऱ्यांना अक्कल नाही. पुन्हा कापलं. खराब भाग हातभर मागूनच काढावा, हा माझा नियम.

९ फेब्रुवारी
केबल टेबलापर्यंत पोचत नाही. कॉम्प्युटरसकट टेबल दाराशी आणलं. उजेड छान येतो.

१२ फेब्रुवारी
पुन्हा कापावं लागलं. टेबल आता स्वयंपाकघरासमोरच्या बोळात. कुकरच्या शिट्ट्या साहेबांना ऐकू गेल्या म्हणे. उज्वला म्हणाली, मग काय माझ्या पोरीला कच्चा भात वाढू? शेजारचा चांगू डोकावून गेला. म्हणाला, दादा, आजून दोनदा कापलंस तर पोरगी रस्त्यावर बसंल, पण नेट काय यायचा नाय. चांगूला यातलं काय कळतं?

१७ फेब्रुवारी
लागला! हिरवा दिवा, दिवसभर. बुद्धविहारात सगळ्यांना सांगितलं, कोणाला कनेक्टर लावायचे असतील तर मला हाक मारा.

१८ फेब्रुवारी
दिवा लुकलुकतोय. टोक किंचित सैल. अनुष्काची मोठ्या साहेबांशी मीटिंग चालू होती, पण दोन मिनिटांचं काम, म्हणून लगेच कापलं. दुपार गेली. मीटिंगही गेली. अनुष्काने खाली पडलेले तारांचे तुकडे गोळा केले. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

२३ फेब्रुवारी
साहेबांनी अनुष्काला मुंबईला बोलावून घेतलं. तिकडे ऑफिसचा कॉम्प्युटर मिळेल, राहायला मामाकडे. मी म्हटलं, जा, अनुभव येतो. महाड स्टँडवर बॅग मीच वर चढवली. बस सुटल्यावर फार वाईट वाटलं. एवढ्या लांब येऊन कनेक्टर घ्यायचे राहिले, म्हणूनही असेल.

२६ फेब्रुवारी
अनुष्काच्या कपाटात, कपड्यांखाली, तयार केबल सापडली. पाकीटसुद्धा फोडलेलं नाही. उज्वला म्हणाली, पहिल्याच आठवड्यात मागवली होती तिने. तुमचं मन मोडेल म्हणून बाहेर काढली नाही.

विकतच्या टोकांवर माझा विश्वास नाही.

तरी लावली. टेबल पुन्हा मागच्या खोलीत नेलं. केबल भोकात न घालता उंबऱ्यांवरून नेली, वर दोन वेढे उरले. कॉम्प्युटर सुरू केला. दिवा लगेच हिरवा. लुकलुकतही नाही.

उज्वला म्हणाली, बंद करा आता, कोण बसणार आहे तिथे?

राहू दे म्हटलं.